ग. ह. खरे आणि त्यांची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इतिहासाच्या वाचकांकडून, मोडी शिकणाऱ्यांकडून आणि आपल्या गावातल्या देवळाची माहिती जमवणाऱ्यांकडून गणेश हरी खरे यांच्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, पण ती तशीच ठेवली.

ग. ह. खरे कोण?

जन्म १० जानेवारी १९०१, पनवेल. मृत्यू ५ जून १९८५, पुणे. इतिहाससंशोधक, फार्सी आणि मोडी कागदांचे वाचक, ताम्रपट-शिलालेखांचे संपादक, नाण्यांचे जाणकार आणि मराठीत मूर्तिशास्त्रावर पद्धतशीर लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतले अभ्यासक. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ते अभिरक्षक होते. १९३० च्या आसपास ते तिथे रुजू झाले आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच वास्तूत गेलं म्हटलं तरी चालेल.

अभिरक्षक म्हणजे संग्रह सांभाळणारा. दप्तरं कोरडी ठेवायची, पोथ्यांना वाळवी लागू द्यायची नाही, आलेल्या नाण्याची नोंद करायची, कुणी कागद मागितला तर काढून द्यायचा. बाहेरून पाहणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. खऱ्यांचा सगळा व्यासंग याच कामातून उभा राहिला आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना हीच गोष्ट बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते.

वासुदेवशास्त्री खरे ते हेच का? आणि जंत्रीवाले खरे?

नाही. तिघे वेगळे. वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) मिरजेचे शिक्षक. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढणारे. जुन्या तारखा जुळवताना ज्यांची शकावली लागते, ते जंत्रीवाले गणेश सखाराम खरे. आपले खरे गणेश हरी. जुन्या तळटीपांत नुसतं ‘खरे’ एवढंच असतं, तेव्हा प्रकाशनाचं वर्ष पाहावं. कागद पटवर्धनी असेल तर शास्त्रीबुवा, फार्सी फर्मान किंवा ताम्रपट असेल तर ग. ह.

त्यांचं शिक्षण काय झालं होतं?

असहकाराच्या लाटेत सरकारी शिक्षण सोडणाऱ्या तरुणांपैकी ते एक. पुढे पुण्याच्या टिळक महाविद्यालयात शिकून ‘वाङ्मयविशारद’ झाले. पुराभिलेखशास्त्र, मूर्तिशास्त्र, नाणकशास्त्र हे विषय तेव्हा कुठल्या वर्गात बसून शिकायची फारशी सोयच नव्हती. संस्कृत होतं, मोडी त्या काळी अनेकांना येत असे, फार्सी, कन्नड वगैरे भाषा त्यांनी कामाची गरज म्हणून कमावल्या.

यावरून ‘पदवीची गरज नाही’ असा निष्कर्ष काही उत्साही मंडळी काढतात. पदवीशिवाय त्यांनी जेवढा अभ्यास केला तेवढा आज पदवी घेऊनही फारसा कुणी करत नाही, हे आधी लक्षात घ्यावं.

भारत इतिहास संशोधक मंडळ कुठून आलं?

७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ते पुण्यात स्थापन केलं. राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. घरोघरच्या माळ्यावर, पेटाऱ्यात, देवघरात पडलेले कागद गोळा केल्याशिवाय मराठ्यांचा इतिहास लिहिताच येणार नाही, हा त्यांचा हट्ट. राजवाडे गावोगाव हिंडले, भांडले, नवं काही दिसलं की तिकडे वळले. गोळा झालेलं सांभाळायला, लावायला आणि वाचून छापायला जी पिढी मागून आली, तिच्यात दत्तो वामन पोतदार, शं. ना. जोशी, खरे ही माणसं होती.

मंडळ आजही सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराला लागून आहे. लाखो मोडी कागद, हजारो पोथ्या, चित्रं, नाणी, ताम्रपट तिथे आहेत.

मराठ्यांच्या इतिहासासाठी फार्सी कशाला? कागद तर मोडीत आहेत ना?

शिवपूर्वकाळाकडे वळलात की उत्तर मिळतं. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही आणि मोगल, सगळ्यांच्या दरबारी व्यवहाराची भाषा फार्सी. देशमुखी कुणाला दिली, जहागीर कुणाची काढली, कुठल्या किल्लेदाराला काय हुकूम गेला, हे फर्मानांत सापडतं. आदिलशाहीचे काही कागद तर द्विभाषी आहेत: वर फार्सी, खाली तोच मजकूर मोडीत. खालचा भाग वाचून थांबणारा अभ्यासक अर्ध्यावर थांबतो, कारण वरचा तुघ्रा (सुलतानाच्या नावाची नक्षीदार अक्षरं), शिक्का आणि कागदाच्या पाठीवरच्या नोंदी बऱ्याचदा जास्त बोलतात. पाठीवर कुठल्या कचेरीत कुठल्या तारखेला नोंद झाली हे असतं. कागद खरा की बनावट हे ठरवताना पाठ आधी पाहावी.

त्यात घसरत्या हाताने लिहिलेल्या शिकस्ता फार्सीत नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे टिंब, सर्रास गाळलेले असतात. खऱ्यांनी असे कागद वाचून, मूळ मजकूर आणि मराठी भाषांतर देऊन ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड काढले. ज्याला फार्सीचं अक्षरही येत नाही अशा मराठी अभ्यासकाला त्यामुळे आदिलशाही कागद हाताळता आला. याच सुमारास पणजीत पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज दप्तरांबाबत हेच करत होते. मराठ्यांच्या इतिहासाला पुण्याची फार्सी आणि गोव्याची पोर्तुगीज अशा दोन खिडक्या साधारण एकाच वेळी उघडल्या.

तारीख जुळवण्यात एवढं अवघड काय असतं?

एक उदाहरण घेऊन बघा. मोडी कागदावर वर लिहिलेलं असतं, ‘सन खमस सबैन व अलफ’. हा शुहूर सन. आकडे अरबी शब्दांत. खमस म्हणजे ५, सबैन ७०, अलफ १०००. बेरीज १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४. पण हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, मृगात सुरू होतं. म्हणून कागदातला महिना जानेवारी ते मृग यांच्या दरम्यानचा असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १६७५. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं, शके १५९६ चं, हेच ते वर्ष.

गंमत पुढे आहे. फसली, म्हणजे महसुली कामाचा, सनही मृगातच सुरू होतो, पण दक्षिणेत त्याच्यात ५९० मिळवावे लागतात. कागदावर सनाचं नाव नसेल आणि वाचणाऱ्याने १०७५ ला फसली समजलं, तर उत्तर १६६५ येतं. राज्याभिषेकाच्या वर्षाचा कागद पुरंदरच्या तहाच्या वर्षात जाऊन बसतो! आकडा बरोबर, बेरीज बरोबर, आणि इतिहास नऊ वर्षांनी चुकलेला. अशा चुका छापील पुस्तकांत आजही सापडतात.

खऱ्यांनी १९५१ साली ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक काढलं ते याच गरजेपोटी. संशोधनाला बसलेल्या माणसाला हाताशी लागणारी साधनं एकत्र देणारं हस्तपुस्तक. मराठीत अशी पुस्तकं लिहायला कुणी पटकन तयार होत नाही. लिहिणाऱ्याचे कष्ट पुष्कळ आणि नाव कमी.

इतिहासाचा माणूस मूर्तींकडे कसा वळला?

हा प्रश्न आजच्या विद्यापीठातल्या भिंती पाहून पडतो. एकीकडे इतिहास विभाग, दुसरीकडे पुरातत्त्व, तिसरीकडे कला. खऱ्यांच्या टेबलावर या भिंती नव्हत्या. संग्रहात ताम्रपट येई तशी भग्न मूर्तीही येई. ती कुणाची, कधीची, कुठली, हे नोंदवहीत लिहावं लागे. देवळातल्या शिलालेखात राजाचं नाव आणि शक असेल तर शेजारच्या मूर्तीचा काळ ठरवायला मदत होते; लेख झिजला असेल तर मूर्तीच्या घडणीवरून लेखाच्या काळाचा अंदाज येतो. ‘मूर्तिविज्ञान’ १९३९ साली आलं. मराठी वाचकाला त्यामुळे मूर्ती पाहण्याची शिस्त मिळाली.

त्या शिस्तीचा एक नमुना. चार हातांची, उभी, शंख-चक्र-गदा-पद्म घेतलेली मूर्ती दिसली की आपण ‘विष्णू’ म्हणून मोकळे होतो. नेमकी कुठली विष्णुमूर्ती? चार आयुधं चार हातांत मांडायच्या रीती ४ × ३ × २ × १ म्हणजे चोवीस. म्हणून विष्णूची रूपंही चोवीस, संध्येत म्हणतो ती केशव, नारायण, माधव इथपासूनची नावं. पाहायचं असं: मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, वरचा उजवा, मग वरचा डावा, मग खालचा डावा. उजवा-डावा मूर्तीचा, पाहणाऱ्याचा नव्हे. नवशिक्यांची निम्मी गडबड इथेच होते. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला तर नारायण. गदा, चक्र, शंख, पद्म आला तर माधव. ग्रंथाग्रंथांत काही नावांचे क्रम वेगळे मिळतात, म्हणून आपण कुठला ग्रंथ धरला आहे ते सांगावं.

एखादा हात तुटला असेल तरी उरलेल्या तिघांवरून चौथं आयुध कळतं. दोन तुटले की मात्र ‘विष्णू’ एवढ्यावरच थांबावं.

मग पंढरपूरच्या विठ्ठलाचं काय? त्याला तर दोनच हात.

म्हणूनच तो अभ्यासकांना छळतो. समचरण, कटीवर हात, डाव्या हातात शंख, उजव्यात कमळाचा देठ, हातात शस्त्र नाही. चोवीसांच्या यादीत तो बसत नाही. अशा दैवताचा शोध केवळ मूर्तीवरून घेता येत नाही, आणि केवळ माहात्म्यग्रंथांवरूनही नाही. ‘श्रीविठ्ठल आणि पंढरपूर’ या पुस्तकात खऱ्यांनी मूर्ती, क्षेत्र आणि लेख यांची सांगड घातली.

पंढरपूरचे लेख हा स्वतंत्र विषय आहे. शके ११५९ (इ. स. १२३७) चा होयसळ राजा सोमेश्वराचा लेख भीमेकाठच्या पुंडरीकाचा आणि विठ्ठलाला दिलेल्या दानाचा उल्लेख करतो. दुसरा प्रसिद्ध ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’, शके ११९५ ते ११९९ दरम्यानचा. देवळासाठी ज्यांनी दान दिलं त्यांची नावं त्यात आहेत, आणि त्यांत रामचंद्रदेव यादव आणि त्याचा मंत्री हेमाद्री पंडितही आहेत. या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी श्रद्धा. शेकडो वर्षं भाविकांनी पाठ घासली आणि अक्षरं गुळगुळीत झाली. लेख वाचणाऱ्याला याचं वाईट वाटणारच. पण शिळेला हे मोल भाविकांनीच दिलं हेही खरं.

‘महाराष्ट्राची चार दैवते’ हे पुस्तक आज वाचण्यासारखं आहे का?

आहे. १९५८ चं पुस्तक. कोल्हापूरची देवी घ्या. ‘महालक्ष्मी’ म्हटलं की विष्णुपत्नी, कमळात बसलेली, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मूर्तीचे हात पाहिले तर म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, आणि मस्तकावर नाग, लिंग, योनी यांची लक्षणं ग्रंथात सांगितलेली. ही देवीमाहात्म्याच्या परंपरेतली आद्या महालक्ष्मी. हे एकदा समजलं की कॅलेंडरवरच्या लक्ष्मीशी तिची गल्लत होत नाही. दैवतांवर लिहिताना भक्ताला न दुखावता पुराव्याला धरून राहणं खऱ्यांना जमलं. शैली कोरडी आहे, ते मान्य.

त्यांच्या लेखनाच्या मर्यादा कोणत्या?

माझ्या मते एक मोठी. ते वर्णनात पक्के, अर्थ लावण्यात फार सावध. मूर्ती कुणाची ते सांगतात. लोकांनी तिला का धरून ठेवलं, या प्रश्नाशी फार रेंगाळत नाहीत. ती वाट रा. चिं. ढेरे यांनी पुढे चालवली. ‘लज्जागौरी’ (१९७८) आणि ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथांत ढेरे मूर्तीबरोबर ओव्या, लोककथा, धनगरांची परंपरा, दक्षिणेतल्या भाषांतले पुरावे सगळं ओढून आणतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर पुण्यात राहून धनगरांच्या वाड्या-तांड्यांतून खंडोबा-बिरोबा-म्हस्कोबा शोधत होते, तो काळही हाच. ढेऱ्यांची झेप मोठी, म्हणून त्यांच्याशी वादही जास्त झाले. खऱ्यांशी वाद घालायला ताम्रपट हातात घ्यावा लागतो.

दुसरी मर्यादा सौंदर्याची. मूर्तीचं आयुध, वाहन, मुद्रा, काळ हे सगळं मिळतं. शिल्पकाराचा हात कुठे सुंदर चालला ते क्वचित. कलासमीक्षा हवी असेल तर दुसरीकडे जावं. मूर्तिशास्त्रासाठी मराठीत नी. पु. जोशी यांचं ‘भारतीय मूर्तिशास्त्र’ आणि गो. बं. देगलूरकर यांचं लेखन पुढे वाचावं.

प्रादेशिक इतिहास म्हणजे दुय्यम इतिहास का?

असं समजणाऱ्याने एक ताम्रपट हातात घ्यावा. बहुधा तीन पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीवर राजमुद्रा. राष्ट्रकूटांचा असेल तर गरुड. आधी राजाची वंशावळ, प्रशस्ती, अलंकार. मोठ्या इतिहासाला एवढंच हवं असतं. त्यानंतर येतो खरा माल: गाव कुठलं दिलं, कुणाला, त्याच्या पूर्वेला कुठलं गाव, दक्षिणेला कुठली नदी. ही चतुःसीमा नकाशावर बसवायला त्या भागातल्या वाड्या, ओढे, जुनी नावं माहीत असावी लागतात. पुण्याच्या नावाचं जुनं रूप इ. स. ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘पूनक विषय’ म्हणून भेटतं, ते अशाच वाचनातून. ‘दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने’ (पहिला खंड १९३०) या खंडांत खऱ्यांनी असे लेख एकत्र आणले.

कला ओळखता आली नाही तर इतिहासात काय बिघडतं?

शिवाजी महाराजांचं चित्र म्हणून एके काळी जे चित्र सर्वत्र छापलं जाई, ते महाराजांचं नव्हतंच. वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांचा माग काढत महाराजांचं अस्सल समकालीन परंपरेचं चित्र पुढे आणलं. कागद आणि चित्र एकत्र वाचल्याशिवाय हे झालं नसतं.

आमच्या गावात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा) आणि अक्षरं असलेला दगड आहे. काय करू?

आधी काय करू नये ते. शेंदूर, तेल, ऑइलपेंट, खडू, पीठ यांतलं काहीही लावू नका. अक्षरं ‘उठून दिसावीत’ म्हणून खिळ्याने कोरू नका. असं केलेले लेख मी पाहिले आहेत आणि ते आता कुणालाच वाचता येणार नाहीत. दगड हलवू नका, कारण जागा हाही पुरावा असतो.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, उन्हं तिरपी असताना फोटो काढा. ढगाळ दिवस असेल तर टॉर्च एका बाजूने धरून. प्रत्येक ओळीचा वेगळा, शेजारी मोजपट्टी ठेवून. शिळेची उंची, रुंदी, दिशा, जवळचं देऊळ किंवा शेत टिपून घ्या. ठसा घेणं जाणकारावर सोडा: ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकतात, कागद खाचांत शिरतो, अर्धवट वाळला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवतात, अक्षरं पांढरी आणि भोवती काळं. जोर जास्त लागला तर कागद फाटतो, शाई दगडात मुरते. संरक्षित स्मारकात हे परवानगीशिवाय करता येत नाही.

शिळेवर वर चंद्र-सूर्य आणि खाली गाढव व स्त्री असं ओंगळ शिल्प असेल तर ती गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. गावकरी लाजून ती उलटी करून ठेवतात किंवा पायरीला लावतात. तसं करू देऊ नका. कोकणात शिलाहारांचे काही महत्त्वाचे लेख अशाच दगडांवर आहेत. जमिनीत नाणी, मूर्ती, धन सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या प्रत्येक ठेव्याला तो लागू आहे, म्हणजे व्यवहारात सगळ्यालाच.

मोडी शिकायला किती वेळ लागतो?

अक्षरं ओळखायला थोडे आठवडे. कागद वाचायला पुढची काही वर्षं. आधी आडवी रेघ ओढलेली, अक्षरं न तुटता तिला लटकलेली, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पेशवाईतला कागद त्यातल्या त्यात सोपा. मुळाक्षरांच्या तक्त्यावर फार काळ रेंगाळू नका. छापलेल्या वाचनासह मूळ कागदाची प्रत मिळवा आणि रोज एक ओळ ताडून पाहा. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे आणि काही संस्थांचे वर्ग असतात.

या क्षेत्रात पोट भरतं का?

पुराभिलेखागारं, वस्तुसंग्रहालयं, केंद्र आणि राज्याची पुरातत्त्व खाती, डेक्कन कॉलेजसारख्या संस्था, महाविद्यालयं. जागा थोड्या, भरती अनियमित. बरेच चांगले अभ्यासक शिक्षक, बँकेतले, डॉक्टर असून हे काम करतात. फार्सी येणाऱ्या मराठी अभ्यासकांची संख्या मात्र इतकी कमी आहे की ज्याला ती येते, त्याच्याकडे काम आपणहून चालत येतं. त्याचे पैसे मिळतीलच असं नाही.

सुरुवात खऱ्यांच्या कुठल्या पुस्तकापासून करावी?

देवळं आवडत असतील तर ‘महाराष्ट्राची चार दैवते’, मग ‘मूर्तिविज्ञान’. कागद आवडत असतील तर ‘संशोधकाचा मित्र’ हाताशी ठेवून मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक चाळा. ते १९२० पासून निघतं आणि खऱ्यांचं कितीतरी लेखन अजून तिथेच विखुरलेलं आहे. जुन्या बाजारात मिळालं तर पुस्तक लगेच घ्या, भाव करत बसू नका.